दोन रकाने

गोंदरच्या इस्पितळात, क्ष-किरण खात्याच्या मागे
माझी खोली. एक टेबल, एक पलंग,
गिम्झाची निळी बाटली, आणि वीज गेली की
खिडकीकडे तोंड फिरवणारा
आरशाचा जुना मायक्रोस्कोप.

सुई तशी साधीच. लस टोचतात तेवढी.
डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठ धरायची,
उजव्याने दट्ट्या मागे ओढायचा,
चार-पाच वेळा आत-बाहेर, मग दट्ट्या सोडून सुई काढायची.
काही गाठी उंदरासारख्या बोटांखालून सटकतात.
त्या सटकल्या की मला बरं वाटतं.
काही हलत नाहीत, आणि सुईच्या टोकाला
वाळू लागते. ते काचेआधी मनगटाला कळतं,
पण मनगटाचं म्हणणं रिपोर्टात लिहीत नाहीत.

काचेवर थेंब. अबेबाव ती हवेत हलवून वाळवतो.
सज्जन पेशी एकमेकींना धरून बसतात,
लग्नघरात बायका बसतात तशा, दाटीवाटीने.
दुसऱ्या हात सोडून एकेकट्या हिंडतात.

इकडे इंजेरा भाजताना तिच्यावर भोकं पडतात,
त्यांना डोळे म्हणतात.
डोळे पाहून माझी आई सांगायची
पीठ किती दिवस आंबलं होतं.
मीही तेच करते. फक्त माझ्या हाती अख्खी भाकरी नसते.
कणगीभर धान्याची परीक्षा एका दाण्यावर,
आणि दाणाही टेफचा,
जमिनीवर पडला तर न सापडणारा.

तीन वर्षांची वही. दोन रकाने.
डावीकडे सुई काय म्हणाली,
उजवीकडे सुरी काय म्हणाली.
एकशे त्रेसष्ट बायका.
एकशे अठ्ठावन्न ठिकाणी दोघींचं एकमत.
सभेत हे वाचलं तेव्हा सर्जन
टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, छान.
छानच आहे.

उरल्या पाच.
वोर्कनेशला सुईने नसलेला कर्करोग दिला.
अंगावर पाजणारी होती. दुधातल्या पेशी थापा मारतात,
हे मला पाठ होतं, तरी फसले.
सुरी फिरल्यावर कळलं. तोवर तिने गाय विकली होती.
गाय काही परत मिळाली नाही.

बाकी चौघींना मी म्हटलं होतं,
जा घरी, काही नाही.

आणि डाव्या रकान्यात आणखी सत्तावन्न,
ज्यांची उजवी बाजू कोरी.
आल्याच नाहीत. रस्ता, नवरा, पैसे,
डोंगरावरच्या मठाचं तीर्थ, कोण जाणे.
बरोबर ठरलेल्यांत त्या नाहीत, चुकलेल्यांतही नाहीत.
म्हणजे मी किती अचूक आहे हे
मी फक्त परत आलेल्यांनाच विचारलं.
हे वाक्य सभेच्या कागदावर होतं. वेळ संपली.

त्या चौघींतली फंताये आज आली.
चिल्ग्याहून, पहाटेच्या ट्रकने.
एक बाजू सपाट, नेतेला छातीवरून दोनदा गुंडाळलेली.
मी उगाचच उठून उभी राहिले.
तिच्या मागे धाकटी बहीण, एनानू. एकोणीस वर्षांची.
"हिलाही आहे," फंताये म्हणाली. "तीच सुई का?"
तीच, मी म्हटलं. पण या वेळी तीन बाजूंनी.
आणि काही निघालं नाही
तर 'काही नाही' असं लिहिणार नाही.
'मिळालं नाही' असं लिहीन.
"ही दोन वेगळी असतात?"
मागच्या वेळी मला एकच वाटली होती.

एनानू आडवी झाली.
पायातल्या प्लास्टिकच्या चपला तशाच.
मी बोटांत गाठ धरली.
सटकली.
फंताये माझ्या तोंडाकडे पाहत होती.
मी तोंड आवरलं,
आणि पुन्हा धरली.